अंगठ्याखालचे दिवस

१

फोन आईच्या हवाली केला त्याला नऊ दिवस झाले होते. पहिले तीन दिवस राजदीपला फार जड गेले. हात सारखा खिशाकडे जायचा आणि खिसा रिकामा लागायचा. चौथ्या दिवसापासून ते कमी झालं. आता सकाळी सातला तो पुढच्या सपरीत, घराच्या ओसरीत, चटई टाकून बसायचा, समोर अर्थशास्त्राचं पुस्तक, बाजूला चहा. दोन हातांवर आई बिडीचं सूप मांडीवर घेऊन बसलेली असायची. तिच्या कात्रीचा कचकच आवाज ऐकत त्याचं वाचन चालायचं.

बारावीत तो दोनदा नापास झाला होता. गावात फुकटचं नेट आलं ते त्याचं बारावीचं पहिलं वर्ष. रेंज धड फक्त बोदलकसाच्या तलावाच्या पाळीवर मिळायची, म्हणून गावातली पोरं तिथं जाऊन बसायची. राजदीपही बसायचा. पाच मिनिटं म्हणून फेसबुक उघडायचा. मान वर करायचा तेव्हा ढिमरांचे डोंगे मासे घेऊन काठाला लागलेले असायचे आणि अंधारायला आलेलं असायचं. काय पाहिलं म्हणून कुणी विचारलं असतं तर त्याला एक गोष्ट सांगता आली नसती.

दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा आई, पुष्पाबाई, एवढंच बोलली होती, "या टायमाले पास निघाला तं निघाला. नाई तं तुही बहीण स्नेहल जाईल अकरावीले अन् तू बिडीवाल्या टेकचंदभाऊच्या गाडीवर पोते उचलाले. तुहा बाप रायपुरात विटा वाहून किती वाहील? दोघायचं शिक्षण नाई होत आमच्यानं." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दमलेली होती.

म्हणून फोन त्यानं स्वतःहून दिला होता. आईनं तो लुगड्यात गुंडाळून पेटीत टाकला, विषय संपला.

त्या दहाव्या सकाळी त्यानं मागणीचा नियम काढला. पहिला परिच्छेद वाचला. चहा गरम होता म्हणून जरा थांबला. मग पेला उचलला तर चहावर जाड साय धरलेली, आणि दारातून येणारं ऊन चटईवरून सरकून उंबऱ्याशी गेलेलं.

डोळा लागला असेल, असं त्याला वाटलं. पण मान अवघडली नव्हती. पुस्तक त्याच पानावर होतं.

२

"आई, किती वाजले?"

"अकरा वाजून गेले असतील. काऊन?"

"मी झोपलो होतो का?"

आईनं सुपावरून मान वर केली नाही. "झोपला कधी? आता तं पाणी आणलं तू."

मागच्या बाजूला पाण्याचे दोन गुंड, पितळी हंडे, भरून ठेवलेले होते. त्याच्या सदऱ्याचा उजवा खांदा ओला होता. हँडपंप गावाच्या दुसऱ्या टोकाला. जायचं, रांगेत उभं राहायचं, दोन गुंड भरून आणायचे म्हणजे पाऊण तास सहज. हे आपण केलं आणि आपल्याला आठवत नाही?

अभ्यासाचा ताण, त्यानं स्वतःला सांगितलं. माणूस विचारात असला की असं होतं. सायकल चालवत तिरोड्याला पोचतो आणि रस्ता आठवत नाही.

स्नेहल शाळेतून आली. तिचं दहावीचं वर्ष होतं. ती त्याच्याकडे बघून हसली. "दादा, सकाळी पंपावर तू त्या शकुंतलाबाईची नक्कल केली ना, मी वर्गात बी हासून रायली होती. गुरुजीनं उभं केलं मले."

"मी? नक्कल?"

"मंग कोण? किती दिवसानं असा बोलला तू." मग तिनं त्याचा चेहरा पाहिला. "आता काऊन मारक्या म्हशीसारखं तोंड करून बसला?"

त्यानं शकुंतलाबाईची नक्कल कधीच केली नव्हती. त्याला नकला येत नव्हत्या. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची जीभ जड व्हायची.

३

आणखी दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा त्याला कळलं की ते कुठून होतं.

दुपारची वेळ होती. तो वाचत होता, आणि त्याची नजर सहज आपल्या उजव्या हातावर गेली. हात पुस्तकाच्या कडेवर होता. अंगठा हलत होता. खालून वर, खालून वर, अगदी हलका, जसा काचेवर फिरवायचा तसा. त्यानं हलवला नव्हता. तो बघत असताना अंगठा एकदा जरा लांब सरकला, आणि समोर बसलेली आई नव्हती. सूप भिंतीला उभं केलेलं. चुलीवर भात शिजल्याचा वास. दिवे लागलेले.

त्या रात्री त्यानं आईला अंगठा दाखवला. बाकी काही सांगितलं नाही.

आईनं तो हात स्वतःच्या हातात घेतला. तिच्या बोटांची कातडी तेंदूच्या पानासारखीच तपकिरी आणि कोरडी झालेली.

"सवय लागली बोटाले. दुसरं काई नाई. माह्या आईचे बोटं तं मरेपर्यंत चालत होते. दवाखान्यात सलाईन लावली होती, तरी हातात पान नसून बिडी वळून रायली होती." तिनं त्याचा अंगठा दाबून पाहिला. "मले बी होते. सूप घेऊन बसते, अन् उठते तं दिवस गेलेला रायते."

"म्हणजे कसा गेलेला?"

"गेलेला म्हणजे गेलेला. तू चालाले कधी लागला, मले नाई मालूम, बाबू. येक दिवस सूप खाली ठेवलं तं तू दप्तर घेऊन शाळेतून येऊन रायला होता."

ती हे भाताला मीठ कमी पडलं असं सांगावं तसं बोलली. राजदीपनं हात ओढून घेतला.

"रिकामं बोट हालते," आई म्हणाली. "त्याले काम दे. उद्यापासून माह्यासंग बस. हातानं बिडी कर, तोंडानं वाच."

४

आणि खरंच गुण आला. बिडीची बहुतेक कामं बोटांची असली तरी शेवटचं काम अंगठ्याचं असतं. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा आणि मग उघडं तोंड अंगठ्यानं आत दुमडून बंद करायचं. अंगठ्याला तेच हवं होतं. तो दाबायचा, दुमडायचा आणि गप्प व्हायचा. समोर पाटावर पुस्तक उघडं ठेवून राजदीप मोठ्यानं वाचायचा. आई मधेच म्हणायची, "ते परत वाच. भाव वाढला तं लोक कमी घेतात, हे सांगाले पुस्तक कायले लागते?" स्नेहल हसायची. त्याला धडे पाठ व्हायला लागले. सहा-सात दिवस असे गेले आणि ते सगळे त्याला आठवत होते.

बुधवारी सकाळी त्यानं इंग्रजीचं पत्रलेखन काढलं. एक बिडी वळली. दुमडली.

सूप भरलेलं होतं. नुसतं भरलेलं नाही, त्यावर रास होती. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या एकीवर एक, बाजूच्या टोपलीत आणखी. आई सकाळपासून मान मोडून बसली तरी इतक्या होत नाहीत. सगळ्या एका मापाच्या, एका घट्टपणाच्या, जणू एकाच साच्यातून काढलेल्या.

"आज कोणता वार आहे?"

स्नेहल आरशासमोर वेणी घालत होती. "शनवार. एवढं बी नाई मालूम तुले? अर्धी शाळा आहे मले आज."

तीन दिवस. त्यानं गालावरून हात फिरवला. दाढी केलेली होती. ताजी.

"मी जेवलो या दिवसांत?"

"आमच्या दोघींच्या वाटचं बी जेवला," ती म्हणाली, आणि हसता हसता थांबली. "दादा, तू असा नको ना पाहू. तू चांगला होता इतके दिवस."

५

त्याच दिवशी दुपारी टेकचंद आला. गावातल्या बायकांना पानं-तंबाखू द्यायची, तयार बिडी तपासून घ्यायची आणि कारखान्यात पोचवायची, हे त्याचं काम. त्याला सगळे सट्टेदार म्हणत. बोलायला मोठा गोड, पण बिडी तपासताना कुणाचा नव्हता.

"अरे वा पुष्पाबाई! ये तो कमाल हो गई. पोरगा कामाले लागला म्हणता?"

"अभ्यास करता करता करते," आई म्हणाली.

"अभ्यास जाऊ द्या. असा हात माझ्या सगळ्या गावात नाही." त्यानं जुडी उचलून उजेडात धरली, कानाजवळ नेऊन दाबली. दाबताना त्याच्या कपाळाला आठी पडली. एक बिडी ओढून त्यानं मधोमध मोडली.

आत काही नव्हतं.

त्यानं दुसरी मोडली. तिसरी मोडली. पानाच्या आत पान, त्याच्या आत आणखी बारीक वळलेलं पान, अगदी मधल्या पोकळीपर्यंत, आणि तंबाखूचा एक कण नाही. त्यानं एक बिडी ओठाला लावून फुंकली. बारीक, लांब शिट्टी वाजली. शेजारच्या कोंबड्या एकदम दबून बसल्या.

स्नेहल आधी हसली. मग कुणीच हसलं नाही.

"मस्करी चालली का माझ्याशी?" टेकचंदनं तंबाखूचा डबा ओढून झाकण काढलं. डबा बुधवारी जितका होता तितकाच होता. "अशी बिडी वळायला तर भरलेलीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, बाबा. नुसतं पान इतकं घट्ट बसत नाही. कोणं शिकवलं तुले हे?"

राजदीपनं अंगठा मुठीत लपवला.

"एक डाव सोडतो, बाई. दुसऱ्या डावाले तुमचं बिडीकामाचं कार्ड बंद." जाताना त्यानं त्या मोडलेल्या बिड्यांना परत हात लावला नाही. पायानं बाजूला सारल्या.

तो गेल्यावर आईनं ते तुकडे गोळा केले. "माह्या तशा निघत नाई," ती हळूच म्हणाली. "माह्या भरलेल्या निघतात. मी नसते तरी भरलेल्या निघतात."

६

राजदीपनं बसून नीट विचार केला. तो काही अडाणी नव्हता. भूत-पिशाच्च त्यांच्या घरात कुणी मानत नव्हतं, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आणि अंगारे-धुपारे करणाऱ्यांना आई दारातूनच वाटेला लावायची. तेव्हा हे सगळं डोक्यातलं असणार. झोप नीट नाही, खाणं नीट नाही. एवढं त्यानं ठरवलं आणि तरी एक गोष्ट करून पाहिली.

त्यानं अंगठा पाटावर ठेवला आणि मुद्दाम वरून खाली ओढला. फोनवर मागचं बघायला ओढायचा तसा. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. त्याला ते दिवस परत हवे होते.

काहीच झालं नाही. आई भाकरी थापत होती ती थापत राहिली. पाटावर अंगठ्याचा ओला ओरखडा उमटला, तेवढंच.

मागे जात नव्हतं. पुढेच जात होतं. आणि कुठं थांबायचं हे अंगठा ठरवत होता. तीन दिवसांतून त्यानं राजदीपला फक्त स्नेहलची वेणी दाखवली होती. बाकीचं त्याला पाहण्यासारखं वाटलं नसावं.

परीक्षेला बारा दिवस उरले होते. एकदा लांब सरकला की संपलं. त्यानं उजवा अंगठा तळहातावर दुमडून त्यावर चार बोटं मिटली आणि वरून बिडीचा दोरा गुंडाळून घेतला. जेवण डाव्या हातानं. पान उलटणं डाव्या हातानं. रात्री आई स्वतः दोरा तपासायची, जसा लहान लेकराचा ताप बघावा तसा.

ते बारा दिवस फार लांब होते. प्रत्येक तास त्याच्यावरून बैलगाडीसारखा गेला. अंगठा मुठीत ढोसत राहायचा, कधी कधी पहाटेपर्यंत. सकाळी नखाखाली रक्त साकळलेलं असायचं. पण बाराच्या बारा दिवस त्याला आठवत होते. कुठल्या दिवशी वरणात काय होतं तेसुद्धा.

"तू आता हासत नाई, दादा," स्नेहल एकदा म्हणाली.

"दमलो मी. पण मी हाव इथं."

तिला ते कळलं नाही. आईला कळलं. तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

७

आधीच्या पेपरांना तो प्रश्नपत्रिका हातात आल्यावरच दोरा सोडायचा, आणि पेन धरला की अंगठा गप्प राहायचा. अर्थशास्त्राच्या पेपरला तिरोड्याच्या केंद्रावर तपासणी कडक होती. वर्गावरच्या मॅडमनं त्याची मूठ पाहिली. "हाताला काय बांधलंय? सोडा."

"लागलंय, मॅडम."

"लागलंय तर मग लिहिणार कसं? चिठ्ठी आहे ना आत? सोडा म्हणते ना."

दोरा सुटला. मॅडमनं तळहात पाहिला, काळंनिळं नख पाहिलं आणि काही न बोलता पुढं गेल्या.

त्यानं पेन धरला. पेनावर अंगठा बसला आणि गप्प राहिला. पहिला प्रश्न येत होता. दुसराही. अक्षर भराभर उतरत होतं आणि त्याला कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. तिसऱ्या प्रश्नाला एक व्याख्या आठवेना. तो थांबला. पेन सैल झाला.

खिडकीतलं ऊन बाकाखाली गेलेलं होतं.

त्याच्या दोन उत्तरांनंतर उत्तरपत्रिकेची सहा पानं भरलेली होती. अक्षर त्याचंच, त्याच्यापेक्षा सुबक. समास सोडलेला, मथळ्यांखाली रेघा मारलेल्या. त्यानं वाचायला सुरुवात केली. "मागणी म्हणजे," असं लिहिलेलं होतं. पुढच्या ओळीत "मागणी म्हणजे". त्यापुढं तेच. सहा पानं तेच, स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद सगळं जागच्या जागी, आणि शेवटी एक सुरेख आडवी रेघ.

फळ्यावर लिहिलेलं होतं, एक तास शिल्लक.

त्यानं सहाही पानांवर काट मारली. उजवा हात मांडीखाली घालून त्यावर सगळं अंग टाकून तो बसला, आणि डाव्या हातात पेन घेतला.

पहिली ओळ पहिलीतल्या पोरासारखी आली. अक्षरं पडत होती, एकमेकांवर चढत होती. मांडीखाली अंगठा कातडं ओरबाडत होता. मॅडम दोनदा येऊन बघून गेल्या. तो लिहीत राहिला. भाव वाढला तर लोक कमी घेतात. त्याच्या डोळ्यांसमोर आई बिडी वळत ते म्हणत होती. शेवटची घंटा झाली तेव्हा वेडीवाकडी चार पानं भरली होती. त्यांतला प्रत्येक शब्द लिहिताना तो तिथं होता.

बाहेर आल्यावर त्यानं मांडी पाहिली. पँट फाटून रक्त आलेलं होतं. अंगठा हलत नव्हता.

८

त्यानंतरही तो हलला नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. राजदीप एक एक दिवस उन्हातून चालल्यासारखा जगला. मोहफुलं वेचायला गेला, तेंदूची पानं तोडायला गेला, संध्याकाळी पाळीकडं एकदाही फिरकला नाही. आई एकदा म्हणाली, "सुटलं वाटते तुहं." तिच्या आवाजात समाधान होतं आणि आणखीही काहीतरी होतं, ज्याचं नाव त्याला सापडेना.

निकालाच्या दिवशी दुपारी तो अंगणात कुंपणाच्या काट्या बांधत होता. स्नेहल तिरोड्याहून कॅफेतून काढलेला कागद घेऊन आली. सायकल आडवी टाकून धावतच आली.

"निघाला! दादा निघाला!"

आई सूप बाजूला ठेवून उठली. चक्क उठली, भरदुपारी, काम अर्धं टाकून. तिनं स्नेहलला कवेत घेतलं. राजदीपला आपले पाय जमिनीवर असल्याचं एकदम नीट जाणवलं. आपण निघालो. त्या चार पानांवर निघालो असू का? की बाकीच्या विषयांनी ओढून नेलं? त्याला तेवढंच बघायचं होतं.

"अर्थशास्त्रात किती?"

"थांब, वाचते." स्नेहलनं कागद उलगडला.

सगळ्या अंगणावर सावली पडली. वर ढग नव्हता, पक्षी नव्हता. सावली रुंद होती, पुढं अंगठ्याच्या टोकासारखी गोल होत गेलेली, आणि ती खालच्या बाजूनं, कुंपणाकडून, जमिनीवर टेकत आली. हवा दाबल्यासारखी झाली. कोंबड्या जागच्या जागी दबल्या.

राजदीपनं खाली पाहिलं. उजवा अंगठा डाव्या मुठीत होता. त्यानं कधी धरला होता त्याला कळलं नव्हतं, पण तो घट्ट धरलेला होता आणि पूर्ण निश्चल होता.

तरी अंगण सरकायला लागलं.

कुंपण वर गेलं, सायकल वर गेली. आईनं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि स्नेहलचं तोंड छातीशी लपवलं, रस्त्यावरून ट्रक जाताना धुळीत बायका करतात तसं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. ती फक्त राजदीपकडे बघत होती, जितकं बघून घेता येईल तितकं.

"स्नेहल, किती?" तो ओरडला. "किती ते सांग!"

कागद तिच्या हातात उघडाच होता. आकड्यांची ओळ त्याच्या डोळ्यांसमोरून वर गेली, जवळून, अगदी वाचता येईल इतक्या जवळून, आणि थांबली नाही.